सात वाजता कोण यायचं

दिल्या,

तुझ्या शोकसभेत बोलायला उभं राहिलेल्या प्रत्येकाने तुला अहोजाहो केलं. 'दिलीपराव' काय, 'सर' काय, एका बाईंनी तर थेट 'गुरुवर्य'. तू असतास तर मागच्या रांगेत बसून माझ्या कानात काहीतरी वाह्यात बोलला असतास आणि मला हसू आवरलं नसतं. तसं कोणी बाजूला नव्हतं. बाजूला तुझी सुनीता होती. ती रडत नव्हती आणि मीही रडत नव्हते, त्यामुळे लोक आम्हा दोघींकडे जरा संशयानेच बघत होते.

शेवटी कोणीतरी तुझी गोष्ट वाचली. कुठली म्हणून काय विचारतोस, तीच. 'सातची कडी'. कळव्याला दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहते, रोज संध्याकाळी सातला दाराची कडी काढते, दार बोटभर उघडं ठेवते आणि कोणी येत नाही. कोणाची वाट बघते ते तू सांगत नाहीस. आठ वाजता ती उठून कडी लावते, बस्स. अर्ध्या हॉलने रुमाल काढले. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली.

बाहेर पडताना एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "तुम्ही मूळच्या कळव्याच्या ना? त्या आजी म्हणे खऱ्या होत्या. तुम्ही कधी बघितलेलं का त्यांना?"

बघितलेलं का! माझी आई होती रे ती.

मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास तू. आधी दचकले, मग म्हणाले, "पण त्यांना तर कोणीच नव्हतं." मला माझ्याच आईबद्दल सांगत होते, तेही अगदी खात्रीने. मी म्हटलं, "हो का? बरं." आणि खाली उतरले.

आता तुझ्यावर विशेषांक निघतोय. संपादक मला म्हणाले, "दिलीपराव कथेतलं मुख्य पात्र कसं घडवायचे यावर लिहा, तुम्ही त्यांच्या पहिल्या वाचक." लिहीन म्हटलं. पण हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नाही. भांडण तुझ्याशी आहे, तेव्हा तुलाच सांगते. ते वाटलं तर छापतील.

तुझ्या डोंबिवलीच्या गच्चीवरची ती खोली आठवतेय का, की तिथे गेल्यावर सगळं विसरतात? पाण्याच्या टाकीला चिकटलेली, पत्र्याची, मे महिन्यात नुसती भट्टी. रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जण आपापली गोष्ट घेऊन यायचो. पंप सुरू झाला की वाचणाऱ्याने थांबायचं, टाकी भरली की पुढे वाचायचं. तू पलंगावर मांडी घालून बसायचास आणि ऐकताना पायाचा अंगठा ओढत राहायचास. गोष्ट बरी असेल तर अंगठा सुटायचा. आम्ही सगळे त्या अंगठ्याकडे डोळे लावून वाचायचो.

तुझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "हिला काय हवंय?" कोणी 'न्याय' किंवा 'माया' असं काही म्हटलं की तू भडकायचास. "न्याय हवा असेल तर कोर्टात जाऊ दे तिला, इथे कशाला आलीय? पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त करून हवंय का? चालेल. शेजारणीने एकदा तरी 'तुमच्या उपम्यासारखा उपमा नाही' म्हणायला हवंय? पळेल. पण पहिल्या पानात मला कळलं पाहिजे, आणि तिला ते मिळता कामा नये." लोक हसायचे, पण घरी जाऊन पहिलं पान फाडायचे. मीही फाडलंय.

दुसरा प्रश्न म्हणजे तुझं खरं हत्यार. "ही टेकलीय कोणावर?" नवरा असेल, मैत्रीण असेल, बहीण असेल. ते माणूस सापडलं की तू हात झटकायचास, "काढ त्याला. टेकू काढ आणि मग बघ ही बाई कशी उभी राहते. पडत असेल तर पडू दे. तिथून खरं पात्र सुरू होतं." आणि ते तुझं रिक्षाचं पालुपद! "कादंबरी म्हणजे लग्नाचा हॉल, मामाच्या साडूलाही आमंत्रण द्या. कथा म्हणजे आपली स्टेशनवरची शेअर रिक्षा. मागे तीन, पुढे एक, आणि वळणावर हवालदार दिसला की पुढचाही उतरणार."

तुझं चुकत नव्हतं, हेच तर दुखतं. माझ्या खोपटच्या गोष्टीचं काय झालं ते मी अजून सगळ्यांना सांगते. माझं ऑफिस खोपटच्या एसटी डेपोजवळ, म्हणून मी चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या एका माणसावर लिहिलेलं. दिवसभर लोक त्याला सगळ्या महाराष्ट्राच्या गाड्या विचारतात, आणि त्याला एवढंच हवंय की कोणीतरी एकदा त्याच्या गावची गाडी विचारावी. त्याला मी एक बायकोही दिलेली, समजूतदार, रात्री त्याचं सगळं ऐकून घेणारी. तू म्हणालास, "बायको काढ." मी म्हटलं, "का रे, सुखाने राहू दे ना बिचाऱ्याला." तर म्हणतोस, "घरी ऐकणारी असेल तर खिडकीत बसून त्याचा जीव कशाला अडकेल?" काढली. आणि गोष्ट अशी ताठ उभी राहिली की मला माझंच नवल वाटलं. माझ्या नावावर जी काही एक बरी गोष्ट आहे ती तीच, आणि ती तुझ्यामुळे आहे. हे मी कधी तोंडावर म्हटलं नाही. म्हणणारही नव्हते, तू आणखी चढून बसला असतास.

पण ती बायको मी मनाने रचलेली होती. तिला भाऊ नव्हता, मावशी नव्हती, तिला कोणी फोन करून विचारणार नव्हतं की बाई गं, तू कुठे गेलीस. माझं तसं नव्हतं.

आईकडे तुला पहिल्यांदा मीच घेऊन गेलेले. ऑफिस सुटलं की मी रोज कळव्याला उतरायचे, आईकडे तासभर बसायचे, मग पुढे डोंबिवलीला माझ्या घरी. बाबा गेल्यापासून हा नेम होता. तापात गेलेय, मुलाची दहावी होती तेव्हा गेलेय, नवऱ्याशी कडाक्याचं भांडण करून तशीच तणतणत गेलेय. त्या दिवशी तू बरोबर होतास. दार उघडंच बघून आईला म्हणालास, "काकू, अशी उघडी ठेवता दारं? चोर शिरेल एखादा."

आई म्हणाली, "चोराला सातला कुठला वेळ? सातला ही येते. बेल वाजली की मला उठायला वेळ लागतो, गुडघे आहेत का धड? आणि हिला दोन मिनिटं दारात उभं राहायचा धीर नाही, लगेच बेल बडवते. त्यापेक्षा आधीच काढून ठेवते कडी."

तू केवढा हसलास. आईने तुला थालीपीठ वाढलं, वर लोणी. मी गॅलरीतल्या कुंडीतला गवती चहा खुडला. ती कुंडी आईने माझ्यासाठीच लावलेली, स्वतः ती कॉफी प्यायची. तू इकडेतिकडे बघत होतास, आणि मी मूर्ख, मला वाटलं तुला आमचं घर आवडलं.

त्या दिवाळीत अंक आला. तुझी प्रत्येक गोष्ट छापायच्या आधी मी वाचलेली असायची, तुझ्या त्या किरट्या अक्षरात. हीच तेवढी नव्हती. मी ऑफिसात डबा खाताना उघडला अंक. पहिल्या परिच्छेदात कडी. दुसऱ्यात गुडघे. पुढे गवती चहाची कुंडी, जी म्हातारी रोज पाणी घालून वाढवते पण तिचा चहा कधी पीत नाही. मी वाचत गेले, माझी वाट बघत. आता मी येईन, आता जिना चढेन. गोष्ट संपली तरी मी आले नाही. डबा तसाच बंद केला.

फोनवर मी काय काय बोलले ते मला आठवतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. तू म्हणालास, "अगं माधवी, ती काकू नाहीये, ते पात्र आहे."

"मग पात्राच्या गॅलरीत माझा गवती चहा कसा उगवला रे?"

"तू घाईत आहेस. परत वाच."

"परत वाचू? सातला मी येते म्हणून ते दार उघडं असतं, दिल्या. तू दार ठेवलंस आणि मला काढलंस."

तू म्हणालास, "टेकू काढावा लागतो गं. तुला तर माहितीय." जसं काही मी तुझ्या खोलीत बसलेय आणि पंप बंद व्हायची वाट बघतेय.

पुढे जे झालं ते तुला सगळं माहीत आहे, पण परत सांगणार. तुला आता उठून जाता येत नाही. गोष्ट गाजली. कळव्याची म्हातारी कोण ते आमच्या नातेवाइकांनी कुंडीवरून ओळखलं. चिपळूणहून मावशीचा फोन, "काय गं, ताईकडे फिरकत नाहीस म्हणे? छापून आलंय." मी म्हटलं, मावशी, गोष्ट आहे ती. ती म्हणाली, "आगीशिवाय धूर निघतो का?" खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू, ज्या मला रोज जिना चढताना बघायच्या, त्याही एकदा म्हणाल्या, "हल्ली येतेस नियमित, बरं झालं." हल्ली! हातातली भाजीची पिशवी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली मला.

आणि आई. तिच्यावर मी कशी रागावणार होते? तिला तुझी गोष्ट भयंकर आवडली. उशाशी अंक ठेवायची. आयुष्यभर मास्तरीण, मग आई, मग आजी, कोणाची ना कोणाची कोणीतरी. आणि एकदम ती गोष्टीची नायिका झाली. लोक तिला बघायला यायला लागले. एकदा शहाडहून एक नवराबायको आले, निवृत्त, वाचनाची आवड असलेले, हातात पेढे. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेरून त्या बाईंचा आवाज आला, "आणि या कोण?"

आई म्हणाली, "ही होय? शेजारची. येते अधूनमधून."

मी कप घेऊन तशीच उभी राहिले. ते दोघं माझ्याकडे कौतुकाने बघत होते. "चांगलं करता हो," त्या बाई मला म्हणाल्या, "आजकाल शेजारी तरी कुठे एवढं बघतात." मी चहा दिला. बशीत बिस्किटंसुद्धा दिली. ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "शेजारची?" तर ती साडीचा पदर नीट करत म्हणाली, "अगं, एवढ्या लांबून आले बिचारे. मुलगी आहे म्हटलं असतं तर त्यांचा विरस झाला असता."

तुला हे सांगितलं तेव्हा तू हसून हसून लोळलास. म्हणालास, "काकूंना कळलंय बघ पात्र म्हणजे काय!" मीही हसले. घरी आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले. तुझ्या गोष्टीने मला कागदावरून काढलं ते एक वेळ ठीक. माझ्या आईच्या तोंडून काढलंस तू मला.

म्हणून मी ते वाक्य मागितलं. मोठं काही नाही. संग्रहाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा कुठेतरी एक ओळ घाल, 'सातला तिची मुलगी यायची.' बस, एवढंच. तू म्हणालास, "बघतो." पुढच्या भेटीत विचारलं, "बघतो म्हटलं ना." मग आवृत्ती आली, ओळ नव्हती. मी विचारलं तर म्हणालास, "राहून गेलं." तुझं कधी काही राहून जात नव्हतं रे. एक स्वल्पविराम हलवायला तू छापखान्यात दोन फेऱ्या मारायचास.

आई गेली तेव्हा तू आलेलास. सगळे आत होते आणि तू दाराशीच उभा राहिलास, कडीवर हात ठेवून. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल, आज तरी. तू म्हणालास, "इथून या वेळेला रिक्षा मिळते का गं?" मी म्हटलं, मिळते, नाक्यावर. तू गेलास. तुला बोलता येत नव्हतं हे मला कळत होतं. तुझी पात्रं किती सुंदर गप्प बसायची! पण मला त्या दिवशी पात्र नको होतं, मित्र हवा होता.

तुझं दुखणं शेवटाला आलेलं तेव्हा मी आले. तू पलंगावर, उशांना टेकून. हो, टेकून. ते माझ्या मनात आलं आणि मी ते गिळलं. तू स्वतःहून विषय काढलास. "तुझी ओळ," तू म्हणालास, "जागा दाखव. कुठे घालू ते सांग, आत्ता घालतो." मला वाटलं, झालं, याचं परत सुरू झालं, आजारपणातसुद्धा शाळा घेतोय. मी म्हटलं, "जागा शोधणं लेखकाचं काम आहे. मी फक्त काढलेली बाई." तू डोळे मिटलेस. सुनीताने खुणेने मला बाहेर बोलावलं. आपलं शेवटचं बोलणं ते.

शोकसभेनंतर सुनीताने माझ्या हातात गठ्ठा ठेवला. तुझ्या संग्रहाची शेवटची मुद्रितं. "ते म्हणालेले, माधवीच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला द्यायचं नाही," ती म्हणाली. आणि मग हळूच, "तुला काही घालायचं असेल तर घाल गं. मी विचारणार नाही." तिला माहीत होतं सगळं. तिने तुझ्याबरोबर संसार केलाय, तिलाही तू कुठल्या कुठल्या गोष्टीतून उतरवलं असशील.

मी घरी आले. टेबलावर सगळं पसरलं, हिरवं पेन घेतलं. मनात म्हटलं, आता बघते तुझ्याकडे. घातलीच समज ओळ.

आधी वरच घातली, कडीच्या वाक्यानंतर. दार नुसतं दार झालं. पुढची दोन पानं कोणी वाचणारच नाही; मुलीसाठी दार उघडं ठेवणारी आई घराघरात असते. खोडली. मग कुंडीपाशी घातली. तर म्हातारी मुलीवर रुसलेली वाटायला लागली. खोडली. मधे दुपारची शेजारीण येते तिथे शेजारणीच्या तोंडी दिली, तर ती जोशीकाकूंसारखी बोलायला लागली. शेवटी, आठला कडी लावायच्या आधी घातली. ते सगळ्यात वाईट. वाचणाऱ्याची नजर म्हातारीवरून उठून त्या मुलीकडे गेली, कुठे मेली ही, आली का नाही आज. शेवटच्या ओळीत म्हातारी उरलीच नाही, मीच उरले. जागा नव्हती, दिल्या. त्या गोष्टीत मला जागा नव्हती, आणि हे तुला माहीत होतं. तू दाखव म्हणालास तेव्हा टोमणा मारत नव्हतास. तुलाही सापडलेली नव्हती.

मेलास तरी जिंकलास. हे लिहिताना दात-ओठ खाऊन लिहितेय.

तू म्हणाला असतास, अगं, तिची प्रत्येक सवय तुझ्यामुळेच आहे, कडी तुझी, कुंडी तुझी, गोष्टभर तूच आहेस. मला कळतं ते. मी तुझ्याच खोलीत शिकलेय. पण ते समाधान मला नको, ते लेखकांसाठी असतं. मावशी तसं वाचत नाही. शहाडचे ते पेढेवाले तसं वाचत नाहीत. जिन्यातल्या त्या गृहस्थांनीही तसं वाचलं नव्हतं. तुझ्या गोष्टीला शंभरातले शंभर आणि तुला मात्र मी पास करत नाही. दोन्ही एकाच वेळी. तुला हे मान्य नसेल तर ये आणि भांड.

मुद्रितं तशीच परत दिली. सगळी खाडाखोड रबराने पुसता येत नाही म्हणून सुनीताकडून नवीन पानं मागून घेतली. एक अक्षर बदललं नाही. ती गोष्ट तुझी आहे, तुझ्यापाशी राहू दे, कोणी न आलेली.

पण हा लेख माझा आहे. ही काही रिक्षा नव्हे, इथे कोणाला उतरावं लागत नाही. म्हणून ती ओळ इथे घालते, आणि तूही ऐक.

सातला तिची मुलगी यायची. दार तिच्यासाठी उघडं असायचं. ती चपला काढायची, पिशवी खुर्चीवर टाकायची, आणि आतून आई म्हणायची, "आलीस? लाव आता कडी."